पाटी नसलेलं गॅरेज आणि पाचशेची भिशी

या गॅरेजला नाव नाही. दारावर पाटी नाही, आणि बिल मागितलं तर बाजारातलं कोरं बिलबुक काढून वर नुसतं 'उद्यमनगर, कोल्हापूर' असं लिहून देतात. तेव्हा नाव मीही सांगू शकत नाही, खुणा सांगते. शिवाजी उद्यमनगरातली आतली गल्ली. एका अंगाला फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे सुतार, दुसऱ्या अंगाला दिवसभर किरकिरणारं लेथ, मधे पत्र्याची शेड. शेडबाहेर एखादी तीनचाकी सायकल किंवा बाजूला चाकं लावलेली स्कूटर उभी दिसली की तेच. तिथल्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते.

दोन वर्षं आणि दोन पावसाळे वापरून झाल्यावर लिहितेय. पहिल्या आठवड्यात काय, सगळंच झकास वाटतं.

आधी माझं सांगते, म्हणजे कशासाठी गेले होते ते कळेल. मी १९८१ ची. पल्स पोलिओची मोहीम देशात १९९५ ला सुरू झाली, आमच्या घरी पोलिओ त्याच्या बारा वर्षं आधीच येऊन गेला होता. डावा पाय गेला. काखेत दोन कुबड्या, दिव्यांगाच्या कार्डावर ६० टक्के अपंगत्व. मंगळवार पेठेत आई आणि मी राहतो. फॉल-पिको आणि ब्लाउज शिवणं हा धंदा. महाद्वार रोडवरच्या दोन दुकानांतून साड्या उचलायच्या आणि फॉल लावून, पिको करून परत द्यायच्या. म्हणजे दिवसाला दोन फेऱ्या ठरलेल्या, दिवाळीत आणि लगीनसराईत चार.

आणि मला संजय गांधीचे पैसे मिळतात. पूर्ण नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना, पण तहसीलपासून बँकेपर्यंत सगळे 'संजय गांधीचे' असंच म्हणतात. दिव्यांगांना वर्षाच्या उत्पन्नाची अट ५० हजारांची आहे. मशीनला मोटर बसवून घेतली तरी माझं उत्पन्न त्या अटीत आरामात बसतं, तेवढी काळजी अंबाबाई घेते.

२०२३ च्या जुलैत महिन्याच्या हजाराचे १५०० झाले. वाढलेले ५०० घरात घेतले असते तर तेलात-डाळीत कुठं जिरले ते कळलंही नसतं. म्हणून पैसे वाढल्याचं आईला सांगायच्या आधीच गल्लीतल्या भिशीत नाव घातलं. वीस बायका, पाचशे-पाचशे, दर महिन्याला एक चिठ्ठी. माझी चिठ्ठी सातव्या महिन्यात निघाली. फेब्रुवारी २०२४, हातात रोख १० हजार. आयुष्यात सरकारी पैशाची एवढी जाड गड्डी मी पहिल्यांदाच मोजली.

मग सल्ले सुरू झाले. आई म्हणाली कानातलं कर. चुलतभाऊ म्हणाला चांगला मोबाइल घे. भिशीवाल्या काकूंचं म्हणणं, जोतिबाला अभिषेक घाल. जोतिबाला मी एसटीने तशीही जाते. दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सूट, आणि आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे म्हणून तिला तिकीटच नाही. आम्हा दोघींचं मिळून पाव तिकीट होतं. कंडक्टर आमच्याकडे जरा खिन्न होऊन बघतो. देवाचा प्रश्न सुटलेला होता. सुटत नव्हता तो गाडीचा.

गाडी म्हणजे भावाने त्याची जुनी स्कूटर मला दिली होती. तिला एका दुकानातून दोन्ही बाजूंना चाकांचं किट बसवून घेतलं होतं. दुकानाचं नाव घेत नाही, त्यांनी जे विकलं ते सगळीकडे विकलं जातं. ज्यांनी ही गाडी कधी चालवली नाही त्यांना वाटतं, बाजूला चाकं लावली की झालं, पडायची भीती गेली. चालवून बघा एकदा. दोन चाकांची गाडी वळताना आत कलते, ही कलत नाही. वेगात वळवली तर अंग बाहेर फेकलं जातं आणि आतल्या बाजूचं चाक उचलतं. शिवाय रस्त्यावर हिच्या तीन वाटा पडतात. मधलं चाक खड्ड्यातून वाचवलं की डावं खड्ड्यात जातं, डावं वाचवलं की उजवं. कोल्हापूरच्या रस्त्यांवर तीन वाटा मोकळ्या मिळणं ही काही साधी अपेक्षा नाही.

पण खरी अडचण आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती. तिथं गटारावर सिमेंटचा उंचवटा आहे, मधे थोडा खचलेला. किटचे दोन्ही दांडे सरळ वेल्डिंग केलेले, ताठ. बाजूची चाकं उंचवट्याच्या दोन कडांवर चढली की मधलं मागचं चाक खचलेल्या भागावर अधांतरी राहायचं. आणि इंजिनाची ताकद येते ती त्याच चाकात. मी ॲक्सिलरेटर पिळतेय, चाक गरागरा फिरतंय, गाडी जागची हलत नाही. मग कोणीतरी पोरगं यायचं आणि मागून ढकलायचं. रोज. पोरं चांगली आहेत हो, पण पंचेचाळिशीला आलेल्या बाईला रोज दोनदा 'ए, ढकल की जरा' म्हणायचं जिवावर येतं.

दुकानवाल्याला सांगितलं तर म्हणाला, रस्त्याचा दोष आहे. तो खोटं बोलत नव्हता, पण रस्ता काही माझ्या ताब्यात नव्हता.

मामांकडे गेले तेव्हा पहिली गोष्ट अशी की मला शेडमध्ये चढावं लागलं नाही. शेडला एक फूटभर पायरी आहे. मी हॉर्न दिला, ते हात पुसत बाहेर आले. दुसरी गोष्ट, त्यांनी मला काय झालंय, कधीपासून आहे, औषध केलं का, यातलं काहीही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "कुठं अडतंय ताई?" मी उंचवट्याचं सांगितलं. त्यांनी मागं जाऊन सिमेंटच्या दोन विटा आणल्या, दोन्ही बाजूच्या चाकांखाली सरकवल्या आणि गाडी चालू करायला सांगितली. मागचं चाक हवेत फिरलं. "हां," म्हणाले, "घोडा खुंट्याला बांधलाय."

मग बाजूचं चाक वर-खाली धरून हलवलं. टकटक आवाज आला. माझं बोट तिथं लावायला सांगितलं. चाक हलतं ते मला दिसत नव्हतं, पण बोटाला लागत होतं. बेरिंग ६२०२ नंबरचं, त्याला आस लागतो १५ मिलीमीटरचा. किटमधला आस त्याहून केसभर बारीक. त्यामुळे बेरिंगचं आतलं कडं आसावर फिरत राहिलं होतं आणि दोघांनी एकमेकांना खाल्लं होतं. चारही बेरिंग गेली होती. आस काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मधे दोन ठिकाणी चकचकीत पट्टे पडले होते, अंगठी काढल्यावर बोटावर पडतात तसे.

काम असं केलं. ताठ दांडे कापून टाकले. त्यांच्या जागी पुढच्या टोकाला बिजागरीसारखा बोल्ट आणि बुश, मागच्या टोकाला जुन्या स्कूटरचा शॉकअप. आता प्रत्येक बाजूचं चाक आपापलं वर-खाली होतं, आणि मागचं चाक जमीन सोडत नाही. आस शेजारच्या लेथवर नवे कातून घेतले, असे की बेरिंग हाताने दाबून बसलं पाहिजे, घरंगळून नाही. दांडे आणि शॉकअपचे ४२०० झाले, बेरिंग आणि आसाचे ११५०, दोन टायर-ट्यूबचे १४००. संध्याकाळी देतो म्हणाले होते, चौथ्या दिवशी दिली. या विषयाकडे नंतर येते.

गल्लीच्या तोंडाशी आले, जीव मुठीत धरून पिळलं, गाडी 'हुप्प' करून पार. पोरं कट्ट्यावरून उठून उभी होती, ढकलायला. एकजण म्हणाला, "आत्या, आमचा रोजगार गेला की!"

एक महत्त्वाचं. गाडीला असा बदल केला की तो आरटीओत नोंदवून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. माझी किटची नोंद आधीची होती, मामांनी दांडे बदलल्यावर मी पुन्हा जाऊन दाखवून आले. दोन फेऱ्या पडल्या. पण उद्या काही झालं आणि विमावाल्याने विचारलं की ही चाकं कुठून आली, तर तोंडात बोट घालायची वेळ नको.

आता कुबड्यांचं. मामांनी गाडीला कुबड्या ठेवायची सोय केली. खाली पीव्हीसी पाइपची वाटी, वर सायकलच्या ट्यूबचा पट्टा, ३५० रुपये. ही मात्र पहिल्यांदा चुकली. त्यांनी ती डाव्या बाजूला लावली, कारण गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबते, तिकडेच उतरायचं. पण माझा डावा पाय लुळा. मी उजव्या अंगाने उतरते, आधी उजवा पाय टेकते, आणि तेव्हा कुबडी उजव्या हाताशी लागते. हे मी आधी सांगायला हवं होतं आणि त्यांनी विचारायला. कापून पुन्हा उजवीकडे लावून दिली, पैसे घेतले नाहीत, पण जुन्या जागी रंग उडालेला डाग आहे तो आहेच. रंगकामाच्या बाबतीत या गॅरेजकडून काही अपेक्षा ठेवू नका. माझी निळी गाडी आता निळी, काळी आणि रेडऑक्साइडची तांबडी आहे.

कुबडीच्या रबरी बुटांची गोष्ट छोटी आहे, पण दोन कुबड्यांवर चालणाऱ्यांनी नीट वाचा. माझे बूट दीड-दोन महिन्यांत फाटायचे. मला वाटायचं रबर खराब. मामांनी फाटलेला बूट उलटा केला आणि दाखवलं, रबर खालून झिजलेलं नव्हतं, आतून कापलेलं होतं. ॲल्युमिनियमच्या नळीची गोल धार वजनाने रबर कापते, गव्हाच्या पिठाच्या पोळीतून वाटीने पुरी कापावी तशी. त्यांनी बुटाच्या तळात एकेक लोखंडी वायसर टाकला. वायसरचे पैसेच घेतले नाहीत. आता बूट पाच महिने जातो. पावसाळ्यात शहाबादी फरशीवर बूट गुळगुळीत झाला की मरणच, म्हणून पावसाआधी मी जोडी बदलतेच, फाटो न फाटो. ७० रुपयाला एक. चार घेतले, २८०.

घराचं काम मी मागितलंच नव्हतं. आमच्या दाराला रस्त्यापासून तीन पायऱ्या, प्रत्येक नऊ इंचाची. जुनी घरं, पूर्वी पाण्यासाठी जोतं उंच ठेवायचे. मला रॅम्प हवा होता, कारण दिव्यांगांसाठी काय करायचं तर रॅम्प, एवढंच सगळ्यांना माहीत असतं, मलाही. मामा गाडी पोचवायला आले तेव्हा टेप काढून मोजलं. तीन पायऱ्या म्हणजे सत्तावीस इंच. रॅम्पचा धरायचा उतार एकास बारा. म्हणजे सत्तावीस फूट लांब रॅम्प, आणि आमची गल्ली आठ फुटांची. "समोरच्या वहिनींच्या सैपाकघरात निघंल," म्हणाले. आणि आखूड केला तर तो घसरगुंडी होईल. कुबडीवाल्याला उभा उतार पायरीपेक्षा वाईट, खाली येताना दोन्ही कुबड्या पुढं पळतात. व्हीलचेअर असती तर गोष्ट वेगळी होती. मला हवी होती ती अर्धी पायरी. त्यांनी प्रत्येक पायरीच्या एका अंगाला साडेचार इंचांचे लोखंडी ठोकळे बसवले, वर खरबरीत पत्रा, आणि उजव्या हाताला गोल जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपचा कठडा. आधी चौकोनी पाइप लावणार होते, स्वस्त पडतो म्हणून. मी धरून बघितला, कडा हातात रुतत होत्या. गोल घ्या म्हटलं. २६०० झाले. आईने तोंड वाकडं केलं, दाराची शोभा गेली म्हणाली. आता त्या कठड्याला सगळ्यात जास्त तीच धरते. वर टॉवेल वाळत घालते ते वेगळंच.

बेरीज केली तर ९९८० होतात. उरलेल्या विसाचा चहा मामांनी मलाच पाजला.

मी याआधीही मदत घेतली आहे. एका शिबिरात मला हाताने पेडल मारायची तीनचाकी सायकल मिळाली होती. मांडव, हार, फोटो. माप कोणी घेतलं नव्हतं. ती आमच्या गल्लीतून वळायचीच नाही, आणि ट्यूब गेल्यावर वर्षभर भिंतीला टेकून राहिली. शेवटी मामांनीच तिची चाकं, साखळी उतरवून एका बिनपायाच्या काकांची सायकल चालू केली. वाटपाच्या वस्तू वाईट असतात असं नाही, कितीतरी लोकांचं आयुष्य त्याच्यावर चालू आहे. पण खुर्ची देणारा एकदा देतो आणि जातो. पुढची ट्यूब, पुढचं बेरिंग, पुढचा रबरी बूट कोणाच्याच यादीत नसतो. मामांच्या शेडमध्ये बसून मी ज्या गाड्या बघितल्या त्यातल्या बहुतेक दोन-तीनशे रुपयांसाठी बंद पडलेल्या होत्या. एक पोरगा बॅटरीची तीनचाकी टेम्पोत घालून घेऊन आला होता. त्याला वाटत होतं मोटर जळाली. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती, ती गरम पाण्याने धुतल्यावर गाडी चालू झाली. टेम्पोचं भाडं ६००, मामांनी घेतले ५०.

नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड सुरू केली ते हे शहर. व्हीलचेअरवरची बाई कारभार करताना बघून इथं कोणी दचकत नाही. मिस्त्री तर गल्लोगल्ली. ऑइल इंजिन उघडून जोडणाऱ्याला माझ्या दोन चाकांचं काय अवघड? तरी अशी कामं करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कारण यात पैसे कमी आणि मोजमाप जास्त. मामा म्हणतात, पूर्वी पोलिओवाले यायचे, आता अपघातवाले आणि शुगरने पाय गेलेले जास्त येतात. त्यांना सवय नसते, ती लोकं रडतात, मग काम सोडून बसावं लागतं.

आता तक्रारी, कारण त्या आहेतच.

फोन उचलत नाहीत. पाच वेळा करा, सहा वेळा करा. लेथच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणतात, पण लेथ बंद असतानाही उचलत नाहीत. सोमवारी बंद, हे मला तिथं जाऊन कळलं.

बायकांनी बसायची सोय म्हणजे एक लोखंडी स्टूल. संडास नाही. त्यामुळे मी तिथं जायच्या दिवशी सकाळपासून पाणी कमी पिते, जे करू नये. हे गाऱ्हाणं मामांच्या एकट्याचं नाही, पण गाडीचं काम होईपर्यंत तीन तास तिथं बसावं लागतं तेव्हा तेच आठवतं.

बिल आपणहून देत नाहीत, मागून घ्या. मी प्रत्येक कामाचं घेते आणि वहीत चिकटवते. कुठल्या अर्जाला कधी काय लागेल सांगता येत नाही. महापालिका, ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात, त्यातून कधी काही निघालं तर माझी वही तयार आहे.

आणि वेळ. 'संध्याकाळी' म्हणजे परवा, 'उद्या' म्हणजे पुढच्या आठवड्यात, 'बघतो' म्हणजे विसरा. गाडी गेली की माझ्या महाद्वारच्या फेऱ्या रिक्षाने होतात. चार दिवसांत रिक्षाचे जे जातात ते कामाच्या किमतीत धरा. मी हल्ली आषाढात टाकते, तेव्हा लग्नं नसतात.

दोन पावसाळ्यांनंतरची स्थिती अशी. शॉकअप उत्तम. बेरिंगांपैकी एक डाव्या बाजूचं मागच्या ऑगस्टमध्ये गेलं, गटाराच्या पाण्यातून गाडी नेली होती, दोष माझा. बदलायला १८० लागले. अर्ध्या पायरीच्या एका ठोकळ्याला खालून गंज धरला आहे, तिथं जीआय वापरायला हवं होतं. पाचपैकी चार देईन. अर्धा वेळेचा कापला, अर्धा रंगाचा.

२०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना महिना २५०० झाले. गल्लीत हजाराची नवी भिशी सुरू झाली, माझं नाव आहेच. चिठ्ठी अजून निघालेली नाही, पण न्हाणीघरात धरायला दांडा आणि बसून अंघोळ करायला भिंतीला दुमडणारी फळी, असं मामांना आत्ताच सांगून ठेवलंय. ते मापं घ्यायला येतो म्हणाले. संध्याकाळी.